हाक मारल्याशिवाय न हललेली वस्ती

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. मी असल्या गोष्टी मानत नाही. नाही म्हणजे नाही. मी चळवळीतली मुलगी आहे. पत्रकं लिहायची, छापून आणायची आणि चौकात उभं राहून वाटायची, हे माझं काम. मेडशीच्या बाजारात अंगात येणाऱ्या एका महाराजाच्या मंडपासमोर मी ‘हा धंदा बंद करा’ असं पत्रक वाटलंय आणि त्याच्या भक्तांच्या शिव्या खाल्ल्यात. या सदरातले अनुभव वाचूनही मी कितीदा तरी मनात म्हटलंय... झोप नीट झाली नसेल, दुसरं काय!

आणि आज मीच लिहायला बसले आहे. राग येतोय. जे घडलं त्याचा, जिथे घडलं त्या खोलीचा, आणि ज्यांच्यामुळे ही वेळ आली त्या माणसांचा. भीती म्हणाल तर तेव्हा फारशी वाटली नाही. किळस वाटली. अजून वाटते.

माळरान, स्मशान, पडकी विहीर असलं काही यात नाही. भर दुपार होती. वाशीम शहरात, खिडकीबाहेर ऑटोवाल्यांची भांडणं ऐकू येतील अशा एका नोंदणी केंद्रात हे घडलं. केंद्राचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

आधी प्रकरण समजून घ्या.

आमच्या भागात सोयाबीन निघालं, दसरा-दिवाळी आटोपली की वस्त्याच्या वस्त्या ऊसतोडीला जातात. पार तिकडे, पश्चिमेला. घराला कडी लावायची, भांडी-कोंबड्या-लेकरं ट्रकमध्ये घालायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं. या लोकांची नोंद त्या केंद्रात असते. कोण गेलं, कुठे गेलं, मागे कुणाचं लेकरू राहिलं. नोंद असली तर मागे राहिलेल्या लेकराला वसतिगृहात जागा मिळते. नसली तर नाही. इतकं सरळ.

आता जिल्हाभरातल्या गावांची कित्येक वर्षांची नोंद म्हणजे प्रचंड डेटाबेस झाला. फोटो, अंगठे, आधार, सगळं त्यात. तो एका जुनाट सर्व्हरवर पडून होता. वरून हुकूम आला की हा सगळा डेटा नव्या जागी, दूरच्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये हलवा आणि जुनी खोली रिकामी करा. कल्पना चांगलीच होती. त्या मशिनीचा काही भरवसा नव्हता, पंखा जरी बंद पडला तरी सगळं गेलं असतं. आम्हीच मागच्या वर्षी निवेदन दिलं होतं की डेटा सुरक्षित करा.

पण माणसांची नोंद हलवणं आणि ट्रकभर कचरा हलवणं यात काही फरक करायचा की नाही?

आमच्या मेडशीपासून थोडी आत एक वस्ती आहे. सगळी तोडणीवाली घरं. त्यातली दुर्गाबाई आणि तिचा नवरा, दोघंही कोयत्यावर जाणारे. त्यांची मुलगी रेणुका. यंदा दहावीला. त्या वस्तीतून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. बाकीची लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, तिथे उसाच्या पाचटात खेळतात, आणि परत येईपर्यंत वाचायचं विसरतात. रेणुका एकटी यंदा मागे राहणार होती, मेडशीतल्या शाळेजवळच्या मुलींच्या वसतिगृहात. तिच्या आईला यासाठी मी दोन पावसाळे समजावलं होतं. माझ्या सगळ्या पत्रकांतून एक काम खरोखर झालं असेल तर ते हे.

आणि त्या वस्तीची एक रीत आहे. ती मी आधी पाहिली होती आणि मला ती, खरं सांगते, खुळचट वाटली होती.

ट्रक भरला, सगळे चढले की मालनबाई मागे उभी राहते. मालनबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात जुनी तोडणीवाली. अजूनही कोयता चालवते. ती ट्रककडे पाठ करते, रिकाम्या घरांकडे तोंड करते आणि एकेकाला नाव घेऊन हाक मारते. “गंगाराम, चाल!” “लक्ष्मी, चाल वं!” ज्याचं नाव तो ट्रकमधून ओरडतो, “आलो!” असं प्रत्येकाचं. तान्ह्या लेकराची ओ आई देते. का, तर माणूस ट्रकमध्ये बसला तरी त्याचा जीव घरात घोटाळत राहतो म्हणे. हाक मारून त्याला बाहेर काढावं लागतं. परत येताना फडावरही असंच. जो मागे थांबणार त्याला मात्र हाक मारायची नाही, त्याचं नावसुद्धा त्या वेळी काढायचं नाही.

मी एकदा मालनबाईला म्हटलंही होतं, “मावशी, ड्रायव्हर हॉर्न मारून मारून थकला. कायले येवढा टाइम घालवता?”

“तुह्या मोर्च्यात तू घोषना कायले देते?” ती म्हणाली. “गुपचूप चालत जाय ना.”



तर झालं असं. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार आणि आदल्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंचा मला फोन. “ताई, रेणुकाचं नाव नव्या साइटवर दिसत नाही. तिचंच नाही, त्या वस्तीचं एकही घर दिसत नाही. जुनी साइट आज संध्याकाळी बंद होतेय. नाव दिसल्याशिवाय मी मुलगी ठेवून घेऊ शकत नाही.”

“नंतर घाला ना नाव.”

“नवीन नोंदणी महिनाभरानं उघडणार. आणि तेव्हा आईबाप दोघंही समोर हवेत, अंगठ्याला.”

आईबाप तेव्हा उसात असणार. म्हणजे रेणुका ट्रकमध्ये. म्हणजे दहावी संपली. मग पुढच्या वर्षी तिच्याही हातात कोयता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी लग्न. मी हे असं इतक्या घरांत पाहिलंय की मला पुढचं पान न उलटता सांगता येतं.

मी वस्तीवर गेले, दुर्गाबाईला घेतलं. अंगठा-बिंगठा लागलाच तर असावा म्हणून. मालनबाई म्हणाली, मीपण येतो. कायले म्हटलं तर म्हणे, “माहं नाव नाई का त्याच्यात?” रेणुका शाळेत गेली होती, तिला काही सांगितलं नाही. आम्ही तिघी एसटीने वाशीमला.

केंद्राच्या दाराला झेंडूच्या माळा. वर बॅनर, त्यावर हसणारे चेहरे आणि मोठ्या अक्षरांत ‘डिजिटल स्थलांतर पूर्ण’. पूर्ण! अजून सर्व्हर आत गुरगुरतोय आणि बाहेर पूर्ण झाल्याचे पेढे वाटणं चाललेलं. केंद्राचे साहेब — पांढरा शर्ट, गालात तंबाखूचा खर्रा — एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पेढे पुढे करत होते. मी घेतला नाही.

“मॅडम, जिल्हाभराचा डेटा गेला,” ते म्हणाले. “एक वस्ती म्हणजे काय हो त्यात? किरकोळ. पोर्टल उघडलं की परत भरू.”

“किरकोळ म्हणजे काय? माणसं आहेत ती.”

“माणसं कुठे चाललीत? माणसं इथंच आहेत.” आणि कोपऱ्यातल्या कुंडीत पचकन थुंकले. त्या कुंडीतलं रोप केव्हाच मेलेलं होतं. मुळात माती दिसतच नव्हती, नुसता तपकिरी चिखल.

सर्व्हरची खोली मागे होती. त्या खोलीबद्दल काय लिहू... एसी बंद. खिडकीची काच फुटलेली, त्यातून कबुतरं आत. फायलींच्या कपाटावर त्यांच्या विष्ठेचा थर, भिंतीवरून ओघळ. सर्व्हरच्या डोक्यावर चहाचे कप चिकटलेले, एका कपात माशी मरून फुगलेली. वायरींच्या गुंत्यात पाल, अर्धी सुकलेली. आणि वास! जळकी धूळ, ओला कागद आणि त्यावर खर्र्याचा गोडसर दर्प. याच खोलीत आमच्या हजारो माणसांचे अंगठे ठेवले होते या लोकांनी. आपल्या देवघराशेजारी कुणी अशी जागा ठेवील का?

आत कंपनीचा मुलगा बसलेला. निलेश. अकोल्याचा. नाकाला रुमाल बांधलेला, डोळे लाल. तो एकटाच तिथे प्रामाणिकपणे काम करत होता, हे मान्य करते.

“ताई, मी सगळं बरोबर केलंय,” तो मला बघताच म्हणाला. माझ्याआधी दोघांनी त्याला झापलं असावं. “एकदम सगळं ढकललं असतं तर इथल्या नेटवर महिना लागला असता आणि मधेच तुटलं असतं तर पहिल्यापासून. म्हणून जुने जड फोटो आधीच डिस्कवर भरून गाडीने पाठवले. राहिलेलं गावागावाचे गठ्ठे करून नेटवरून. एक गठ्ठा गेला की इकडची आणि तिकडची बेरीज जुळवायची, जुळली की पुढचा. सगळी गावं जुळली. ही एक वस्ती...”

“ही एक वस्ती काय?”

“हलत नाही.”

“म्हणजे एरर येतो?”

“एरर आला असता तर बरं झालं असतं. काहीच येत नाही. सुरू होतं आणि उभं राहतं. डिस्कवर कॉपी केली, तर बाकीचं येतं आणि या वस्तीची फाइल रिकामी. एकेक नाव वेगळं करून पाहिलं. मशीन पुन्हा चालू करून पाहिलं. शेजारच्या वस्तीचं त्याच टेबलातलं सगळं गेलं, ताई. हे बसून आहे.”

त्याने स्क्रीन दाखवली. वस्तीतली नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर करडा ठिपका. नाव पोचलं की ठिपका हिरवा होतो म्हणाला. एकही हिरवा नव्हता. आणि दारात भंगारवाला उभा. जुनं मशीन आजच न्यायचं असं साहेबांनी सांगितलेलं, तो त्याची हातगाडी घेऊन आलेला आणि आमच्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू आम्ही त्याच्या मालावर बसलोय.

“काढ ना बे लवकर,” तो निलेशला म्हणाला. “माहा टाइम होऊन राह्यला.”

दुर्गाबाईला यातलं काही कळत नव्हतं. ती फक्त विचारत होती, “ताई, रेणूचं नाव हाये का? दिसते का?” मी तिला स्क्रीनवर नाव दाखवलं. तिने पदराने हात पुसून त्या नावावर बोट ठेवलं. “हे पाहा, हाये तं. मंग कायचं नाई म्हनतात?”

मालनबाई आतापर्यंत दाराशी उभी होती, पदर नाकाला लावून. ती पुढे आली.

“बापू,” ती निलेशला म्हणाली, “तुमी त्याईले हाक मारली का?”

“कुणाला?”

“आमच्या मानसाईले. इथून नेऊन राह्यले ना तुमी त्याईले? हाक नाई मारली तं कसे निंगतीन ते?”

भंगारवाला फिदीफिदी हसला. निलेश कसंनुसं हसला. “आजी, ही माणसं नाहीत हो. नोंदी आहेत फक्त.”

“माहा अंगठा हाये का नाई त्याच्यात?”

“आहे.”

“तोंडाचा फोटू हाये?”

“आहे.”

“मंग इतकी वर्सं या घानीत ठेवलं आमाले, अन् नेताना साधी हाक नाई. बोंबलत बस आता.”

मला लाज वाटली. मालनबाईची नाही, त्या प्रसंगाची. एकीकडे साहेब, एकीकडे ही. मी म्हटलं, “मावशी, आता नोको इथं हे.” पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. सर्व्हरकडे पाठ केली, मग विचार बदलून त्याच्याकडे तोंड केलं, कारण रिकामं होणारं घर तेच होतं. आणि फडावर मारते तशी, सणसणीत आवाजात हाक मारली.

“गंगाराम, चाल!”

स्क्रीनवर एक ठिपका हिरवा झाला.

गंगारामचा.

निलेशचे हात मांडीवर होते. मी स्वतः पाहिलं. तरी मला वाटलं की हा पोरगा काहीतरी करतोय, थट्टा करतोय आमची. मी त्याला म्हटलं, उठ तिथून. तो उठला, खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकून उभा राहिला. कीबोर्डजवळ कुणी नाही. मालनबाईला स्क्रीन दिसत नव्हती, दिसली असती तरी तिला वाचता येत नाही.

“लक्ष्मी, चाल वं!”

हिरवा.

ती तिच्या क्रमाने हाका मारत होती. ट्रकमध्ये चढतात तो क्रम... आधी म्हातारे, मग लेकुरवाळ्या, मग जोडपी, शेवटी तरणी पोरं. यादीचा क्रम वेगळा होता, घर क्रमांकाप्रमाणे. ठिपके तिच्या क्रमाने हिरवे होत होते. वर एक, खाली एक, मधेच एक. ती लोकांना वस्तीतल्या नावांनी हाका मारत होती. “बंड्या, चाल!” म्हणाली आणि यादीतला प्रल्हाद हिरवा झाला. बंड्याचं कागदावरचं नाव प्रल्हाद आहे हे मलाही ठाऊक नव्हतं, दुर्गाबाईने नंतर सांगितलं. मधे मालनबाईला ठसका लागला, त्या धुळीने. ती खोकत होती तोवर काही हललं नाही. खोकला थांबला, पुढचं नाव घेतलं, हललं.

ओ कुणी दिली नाही. आवाज-बिवाज काही आला नाही कुठून. तसं काही मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. फक्त प्रत्येक हाकेनंतर सर्व्हरचा पंखा किंचित हलका झाल्यासारखा वाटायचा. आणि कबुतरं... ती आधी सतत घुमत होती. आता गप्प होती.

शेवटी तिने स्वतःचं नाव घेतलं. “मालन, चाल वं माय.” आणि स्वतःच ओ दिली, “आली.”

ती थांबली. निलेश स्क्रीनकडे धावला. सगळी यादी हिरवी. एक सोडून.

रेणुका.

“मावशी,” मी म्हटलं, “रेणूचं राह्यलं.”

“हाव,” तिने मान डोलावली.

“मारा ना हाक.”

“नाई.”

मला कळेना. दुर्गाबाईने तिचा हात धरला. “आत्याबाई, मारा ना वं हाक. तिचंच तं काम होतं.”

“अवं, ते मांगं राह्यनार हाये ना?” मालनबाई म्हणाली. “राह्यनाऱ्याले हाक मारत असतेत का? माह्या हाकेनं निंगाली तं ते आमच्यासंगंच येईन. मंग वस्तीगृहात तिचं आंग ठेवसान अन् जीव फडावर. पोट्टी झुरून मरन. नाई मारत मी.”

सांगा आता काय करायचं? जी मुलगी मागे राहावी म्हणून आम्ही आलो, तिचं नाव ती मागे राहणार म्हणूनच या मशीनमध्ये मागे पडत होतं! मला त्या क्षणी सगळ्यांची किळस आली. साहेबाची, खोलीची, मालनबाईच्या हट्टाची, आणि तिच्याशी याच भाषेत वाद घालणाऱ्या माझीही. मी तिला काय म्हणत होते माहितीये? “मावशी, ट्रकची हाक वेगळी, ही हाक वेगळी.” मी! मंडपासमोर पत्रकं वाटणारी!

“हाक म्हंजे हाक,” ती म्हणाली. “जो मारते त्याच्यामांगं मानूस जाते. मी उसात चालली. माह्यामांगं कायले पाठवता तिले?”

दुर्गाबाई रडायला लागली. मग ती स्वतः मारायला गेली हाक आणि मालनबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. कारण तीही उसातच चालली होती.

साहेब दारात आले. “झालं का? झालं ना? बंद कर रे निलेश, फोटोवाला आलाय.” भंगारवाला आत शिरून वायरींना हात घालायला लागला.

“उसात न जानारं कोनी?” मालनबाई माझ्याकडे बघत होती. “इथंच राह्यनारं कोनी नाई का?”

मी होते. मी मेडशीतच राहणार होते. शाळेजवळ.

हे लिहिताना अजून कानशिलं गरम होतात. मी भंगारवाल्याचा हात बाजूला केला, त्या कबुतरांच्या घाणीत उभी राहिले, आणि म्हटलं, “रेणुका. चल.”

काही नाही. करडाच ठिपका.

“असं नोको,” मालनबाई मागून म्हणाली. “पत्रक वाचल्यावानी नोको म्हनू. घरची असल्यावानी म्हन.”

भंगारवाला हसला. मला वाटलं, हसू दे. माझी आई मला शेतातून जेवायला बोलवायची तो आवाज आठवला. तो कुठून वर आला माहीत नाही. “रेणू... चाल वं बाई. चाल.”

ठिपका हिरवा झाला.

निलेशने दोन्हीकडची बेरीज केली. जुळली. त्याने रुमाल सोडला आणि डोळे पुसले. घामाने असेल. साहेब म्हणाले, “बघा, म्हणत होतो ना, होऊन जातं.” बाहेर फोटो निघाला. त्यात ते आहेत, पेढ्याचा खोका आहे, झेंडू आहे. तो आजही केंद्रात लावलेला आहे, साहेबांचा चेहरा जिल्हाभराची माणसं आपल्या खांद्यावरून वाहून नेल्यासारखा.

इथपर्यंत मी स्वतःला समजावू शकले असते. नेट अडकलं होतं, सुटलं. योगायोगाने सुटलं. निलेशने नंतर फोन करून असलीच काही कारणं सांगितली. जुनी कुलूपबंद नोंद असेल, मशीन गरम झालं असेल. मी विचारलं, मग क्रम? तो म्हणाला, “ताई, क्रमाचं मला विचारू नका.” मी विचारणं सोडलं.

पण आम्ही संध्याकाळी मेडशीला उतरलो तर एसटी थांब्यावर रेणुका उभी. खांद्याला दप्तर. आईकडे न जाता ती आधी माझ्याकडे आली.

“ताई, तुमी शाळेत आल्त्या अन् न भेटता काहून गेल्या?”

“मी? मी वाशीमला होते.”

“खोटं नोका बोलू. दुपारच्या सुट्टीनंतर दारातून हाक मारली ना तुमी. रेणू चाल म्हनून.”

मी तिच्या खांद्यावरचं दप्तर माझ्याकडे घेतलं.

“मी उठून आली म्हनली. सगळा वर्ग हसला. दप्तर घेऊन बाहेर आली तं वऱ्हांड्यात कोनीच नाई. सरानं मले येवढं झापलं!” आणि मग जरा लाजून, “तुमी मले रेणू कधी म्हनत नाई ना. म्हनून वाटलं, काई तरी मोठं काम असन.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सरांना विचारलं. सरांनी तक्रारच केली. भर इतिहासाच्या तासाला पोरगी ‘आली’ म्हणून उठली आणि निघाली. दारात कुणीच नव्हतं. त्यांनी मला वर ऐकवलं, “तुम्ही या मुलींना मोर्च्यात नेता ना, म्हणून असं होतं.”

त्या आधी, त्याच सकाळी, ट्रक गेला. मालनबाईने घरांकडे तोंड करून हाका मारल्या, सगळ्यांनी ओ दिली. रेणुकाचं नाव तिने काढलं नाही. रेणुका माझ्याशेजारी उभी होती, ओठ घट्ट मिटून, माझ्या ओढणीचं टोक धरून. दुर्गाबाई ट्रकमधून नुसती बघत होती, हात हलवत होती, पण तोंडातून एक शब्द नाही. शेवटी चढताना मालनबाई मला म्हणाली, “तुह्या हाकेनं निंगाली ते. आता तुह्यासंगं हाये. सांभाळजो.”

रेणुका वसतिगृहात आहे. नाव साइटवर दिसतं. गणित कच्चं आहे, बाकी बरं चाललंय.

मला विचाराल तर मी अजून मानत नाही. मंडपासमोर पत्रकं वाटणं चालू आहे, पुढेही चालू राहील. त्या केंद्राविरुद्धही पत्रक काढलंय — कबुतरांपासून कुंडीपर्यंत सगळं लिहिलंय त्यात. हाकेचं लिहिलेलं नाही. ते कुठे आणि कसं लिहायचं मला कळलं नाही, म्हणून या सदराकडे पाठवतेय. कुणाकडे कारण असेल तर कळवा. माझ्याकडे नाही.

फक्त एक. दर रविवारी मी रेणुकाला भेटायला वसतिगृहावर जाते. ती फाटकापर्यंत सोडायला येते. निघताना मी तिचं नाव घेत नाही. “येते” म्हणते, हात हलवते आणि वळून न बघता रस्त्याला लागते.